‘एकदा सगळंच तपासून टाका’ म्हणण्याआधी

आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज कुणीतरी हे वाक्य म्हणतंच. सांगाल ते आम्ही तपासून देऊ, धंदाच आहे आमचा. पण आधी रिपोर्टमधल्या त्या ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) आणि ‘एल’विषयी (लो, म्हणजे कमी) थोडं.

आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुतेकदा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत १०० जणांतले ५ जण रेंजबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर काहीही न झालेल्या माणसाचाही एखादा आकडा बाहेर निघण्याची शक्यता ६४ टक्के! मोठ्या पॅकेजात ती आणखी वाढते. मग त्या एका ‘एच’पायी डॉक्टर, सोनोग्राफी, आणि फिरून पुन्हा आमच्याकडे.

तापात सर्वांत जास्त मागणी विडाल या टायफॉइडसाठीच्या रक्ततपासणीची. ही पद्धत १८९६ सालची. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते. आपल्याकडे टायफॉइड इतका की विडालच्या रिपोर्टमधला ‘टीओ १:८०’ हा अँटिबॉडीचा आकडा धडधाकट माणसातही सापडतो. उलट खरोखर टायफॉइड असला, तरी पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, महाग पडतं, रिपोर्टला काही दिवस लागतात, त्यातूनही काही केसेस निसटतात. तरी विडालपेक्षा ते कितीतरी भरवशाचं. फक्त रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यायला हवं.

टीबीचं निदान रक्तातल्या अँटिबॉडीवरून करणाऱ्या तपासण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. आम्ही त्या करत नाही. फुप्फुसाच्या टीबीसाठी थुंकी तपासावी लागते.

कुठलीही तक्रार नसताना ‘कॅन्सर मार्कर’ (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांची तपासणी) करू नका, असंच आम्ही सांगतो. सीए-१२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर, पण तो पाळीच्या दिवसांतही वाढलेला दिसतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

तिशी ओलांडली असेल, तर बीपी आणि शुगर मात्र जरूर बघा. सरकारी आरोग्य केंद्रात ते मोफत होतं, आमच्याकडेच यायला हवं असं नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरची तपासणी, तिला उपाशी राहावं लागत नाही. अंगात रक्त कमी असेल तर तेवढं आधी सांगा, आकडा फसवा येतो.

येताना जुने रिपोर्ट आणा. पिशवीत कोंबलेले असले तरी चालतील.