राज्य शिबिर ते राष्ट्रीय संघ : बास्केटबॉल खेळाडूंच्या पालकांसाठी

मुलाचं किंवा मुलीचं नाव राज्याच्या संभाव्य संघात आलं की घरात आनंद होतो आणि त्याच आठवड्यात धावपळही सुरू होते. शाळेचा संघ, क्लब, राज्य शिबिर आणि त्यात आम्ही खासगी प्रशिक्षक घेतो तो वैयक्तिक सराव. या सगळ्यात आमचं काम कुठलं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

क्लबच्या सामन्यांतून राज्याची निवड चाचणी, तिथून राष्ट्रीय स्पर्धा आणि त्यात चमकलेल्यांना राष्ट्रीय शिबिर, असा साधारण क्रम असतो. पुढे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) १७ आणि १९ वर्षांखालील विश्वचषक. हे वयोगट जन्मवर्षावर ठरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेली मुलगी आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी एकाच गटात खेळतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक कोर्टवर लगेच दिसतो. लवकर वाढलेली मुलं आधी निवडली जातात, उशिरा वाढणारी मागे राहतात. पहिल्या चाचणीत नाव आलं नाही म्हणून खेळ सोडायला लावू नका, ही आमची कळकळीची विनंती.

उंच मुलांचं नुकसान वेगळंच होतं. त्यांना बास्केटखाली उभं केलं जातं, चेंडू हाती येतो तो फक्त रिबाउंडचा, म्हणजे शॉट हुकून परत आलेला. दोन-तीन वर्षांत बाकीचे उंचीने बरोबरीला आले की त्यांच्याकडे ना ड्रिबल (चेंडू आपटत पुढे नेणं) असतं, ना बाहेरून शॉट. म्हणून आम्ही उंची न बघता सगळ्यांना गार्डचं, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूचं काम शिकवतो. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता. तिथेच त्याची उंची झपाट्याने वाढली, आणि पुढे एवढ्या उंच खेळाडूत सहसा न दिसणारी चेंडूवरची पकड त्याच्याकडे राहिली.

चाचणीत गुणांकडेच सगळ्यांचं लक्ष असतं असं पालकांना वाटतं. प्रशिक्षक मात्र चेंडू हातात नसतानाचा खेळ बारकाईने बघतात. हेल्प डिफेन्ससाठी (सहकाऱ्याला बचावात मदत करायला) आत सरकलेली खेळाडू, चेंडू बाहेर पास झाल्यावर शूटरकडे कशी धावते? शेवटची पावलं छोटी टाकून, एक हात वर ठेवून तोल सावरते, की वेगात पुढे निघून जाते? एवढी एक गोष्ट आम्ही आठवडेच्या आठवडे घोटून घेतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, ताणाबद्दल. झपाट्याने उंची वाढण्याचा काळ मुलींत साधारण ११-१२ व्या, मुलांत १३-१४ व्या वर्षी येतो. तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागलं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आम्ही दर ३ महिन्यांनी उंची मोजतो आणि वाढ जोरात दिसली की उड्यांचा सराव कमी करतो. राज्य शिबिर सुरू असताना आमचा सराव फक्त शूटिंगपुरता ठेवतो. जादा तास मागितलेत तरी देणार नाही. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल (अमेरिकेची राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) यांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदान १४ वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये. आम्हालाही ते पटतं. पोहणं, फुटबॉल चालू राहू द्या. १३ ते १८ या वयात रात्री ८ ते १० तास झोप हवी.

पहिल्या भेटीला येताना सगळ्या संघांचं महिन्याचं वेळापत्रक, जुन्या दुखापतींचे कागद आणि राज्य प्रशिक्षकांनी काही सुधारणा सुचवल्या असतील तर त्या लिहून आणा. मुलांनाही सोबत आणा. काय जमत नाही ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.