गिरमिट

गिरमिट म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातली करारबद्ध मजुरांची पद्धत. ढोबळमानाने १८३४ ते १९२० हा तिचा काळ धरतात. गुलामी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त आणि बांधून ठेवता येतील असे मजूर हवे होते, ते हिंदुस्थानातून नेण्यासाठी ही पद्धत आली. एकूण किती माणसं गेली याचा आकडा तेराएक लाखांच्या आसपास सांगतात, पण कोणत्या वसाहती आणि कोणती वर्षं मोजायची यावर तो बदलतो. सगळ्यात जास्त म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास माणसं एकट्या मॉरिशसला गेली, ब्रिटिश गयानाला सुमारे २,३९,०००, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला सुमारे १,५२,०००, त्रिनिदादला सुमारे १,४४,००० आणि फिजीला ६०,००० च्या वर. जमैका, डचांचं सुरिनाम, फ्रेंचांचं रेयुनियाँ इथेही मजूर गेले. या नोंदीत मॉरिशसवर जास्त भर आहे, एकतर प्रयोग तिथेच रुजला आणि दुसरं म्हणजे मराठी माणूस या वाटेने ज्या एका ठिकाणी मोठ्या संख्येने जाऊन स्थायिक झाला ते ठिकाण मॉरिशसच.

शब्द : गिरमिट हा इंग्रजी ॲग्रीमेंटचा मजुरांच्या तोंडी झालेला अपभ्रंश, यावर आज फारसा वाद नाही. करारावर गेलेला तो गिरमिटिया. मराठी वाचकाची मात्र इथे हमखास गल्लत होते, कारण आपल्याकडे गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं सुताराचं हत्यार, आणि हुबळी-धारवाडकडे तर चुरमुऱ्यांचा एक पदार्थ. सुताराचं गिरमिट इंग्रजी गिमलेटवरून आलं असं सर्वसाधारण मत आहे, म्हणजे दोन वेगळे इंग्रजी शब्द आपल्याकडे येऊन एकसारखे झाले, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘छळाचा गिरमिट फिरवला म्हणून गिरमिट’ अशी जी व्युत्पत्ती अधूनमधून ऐकू येते ती मागाहून जोडलेली दिसते.

खरा वाद आहे तो कुली या शब्दाचा. एक मत असं की हा तमिळ कूली, म्हणजे मजुरी, रोजचा पैसा. दुसरं मत आपल्या जास्त जवळचं, की पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी लोकांवरून पोर्तुगिजांनी हा शब्द उचलला आणि ओझी वाहणाऱ्या कुणालाही लावला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश करणाऱ्यांचा कल कोळीकडेच होता. तिसरं, तुर्की कुल म्हणजे गुलाम, ते आता कुणी फारसं धरत नाही. कोळी या मताला गुजरात-कोकणच्या किनाऱ्यावरचे जुने युरोपियन उल्लेख आधार देतात खरे, पण अर्थाचा विचार केला तर तमिळ कूलीपासून मजुरापर्यंतचा प्रवास सरळ आहे, जातीच्या नावापासून मजुरीपर्यंत यायला मधे बऱ्याच पायऱ्या घालाव्या लागतात. दोन्ही शब्द बंदरांवर एकमेकांत मिसळले असणंही शक्य आहे, सध्या तरी तमिळकडे थोडं झुकतं माप द्यावं. शब्द कुठूनही आलेला असो, नाताळ आणि मॉरिशसमध्ये तो शिवीसारखाच वापरला गेला आणि तिथल्या जुन्या लोकांना तो आजही लागतो.

भरती करणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत, हा शब्द तमिळ मुलखातल्या अर्काट शहरावरून आला की इंग्रजी रिक्रूटरचा (भरती करणारा) अपभ्रंश हे ठरलेलं नाही. मजुरांनी देशांनाही आपली नावं दिली, मॉरिशस झालं मिरिच, ब्रिटिश गयानातलं डेमेरारा झालं डमरा, त्रिनिदाद झालं चिनीदाद.

सुरुवात : मॉरिशस १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलं. १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरची ब्रिटनमधली जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी कमी केली आणि बेट झपाट्याने उसाखाली आलं. गुलामी बंद करण्याचा कायदा १८३३ चा, मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ ला लागू झाला. सरकारने साम्राज्यभरातल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली, त्यातले वीस लाखांहून जास्त मॉरिशसच्या मालकांना मिळाले, आणि ज्यांना गुलाम केलं होतं त्यांना एक पैसाही नाही. उलट अप्रेंटिस म्हणजे उमेदवार या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबवलं, आणि १८३९ मध्ये ते सुटले तेव्हा बहुतेकांनी मळे सोडले. भरपाईच्या पैशांतून हिंदुस्थानातले मजूर आणले गेले असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, तारखा पाहता ते पटतं.

पहिली तुकडी कुठली यावरही मतभेद आहेत. रेयुनियाँला १८२० च्या दशकातच काही हिंदी मजूर नेले होते, मॉरिशसमध्ये १८२९ च्या सुमाराला एक प्रयत्न फसला होता. त्याच्याही आधी, १८१५ पासून, बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले जात होते, म्हणजे मुंबई इलाख्यातला माणूस तिथे कराराआधी बेडी घालून पोचला होता. तरीही गिरमिटची सुरुवात म्हणून २ नोव्हेंबर १८३४ ही तारीख धरायचा प्रघात आहे, त्या दिवशी कलकत्त्याहून निघालेलं ॲटलस जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. हे छोटा नागपूरकडचे आदिवासी, इंग्रज त्यांना धांगड किंवा डोंगरी कुली म्हणत (आपल्या धनगरांशी याचा संबंध जोडू नये). पगार महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ आणि थोडे कपडे. पुढच्या चारेक वर्षांत खाजगी व्यापाऱ्यांनी सुमारे २५,००० माणसं नेली.

कायदा : १८३७ मध्ये कंपनी सरकारने पहिला कायदा केला, मजुराने अधिकाऱ्यापुढे येऊन करार समजून घेतल्याचं सांगायचं, करार पाच वर्षांपेक्षा जास्त नको, वगैरे. पण पळवून नेल्याच्या, कोंडून ठेवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, आणि त्यात गयानाला गेलेल्या पहिल्या दोन जहाजांवरच्या ३९६ मजुरांच्या हालांची भर पडली, की १८३९ मध्ये बंदी आली. लॉर्ड जॉन रसेल या ब्रिटिश मंत्र्यानेच १८४० मध्ये याला ‘गुलामीची नवी पद्धत’ म्हटलं होतं. मळेवाल्यांचा दबाव मोठा होता, १८४२ मध्ये मॉरिशसपुरती बंदी उठली आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई या तीन बंदरांतून सरकारी देखरेखीखाली जहाजं सुटू लागली.

ही पद्धत गुलामीच होती की नाही यावर अभ्यासकांमध्ये दोन तट आहेत. एक तट फसवणुकीवर बोट ठेवतो, दुसरा म्हणतो की दुष्काळ आणि कर्जातून वाट काढायला माणसं समजून-उमजून गेली, काही जण तर पुन्हा पुन्हा गेले, जमिनी घेतल्या, त्यांना नुसते बळी समजू नका. दोन्हींत तथ्य आहे, पण माझ्या मते भरती कशी झाली यावर हा प्रश्न सुटत नाही. करार मोडला तर काय होतं ते बघायला पाहिजे. साध्या कराराचा भंग हा दिवाणी मामला असतो, नुकसानभरपाई द्या आणि मोकळे व्हा. गिरमिटमध्ये कामावर न येणं, काम अपुरं राहणं, परवान्याशिवाय मळ्याबाहेर जाणं हा फौजदारी गुन्हा होता, त्याला दंड आणि तुरुंग. आणि तुरुंगातले दिवस करारात धरत नसत, ते शेवटी भरून द्यावे लागत. मजूर स्वखुशीने जहाजावर चढला असेल, पण उतरल्यावर त्याला काम सोडायची मुभा नव्हती, आणि मजुरी ठरवताना मजुराच्या हातात तेवढंच तर असतं.

मॉरिशसमध्ये याला डबल कटची जोड होती, एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा, त्यामुळे आजारी माणूस महिन्याअखेरीस मालकाचंच देणं लागायचा. परतीचं फुकट तिकीट १८५० च्या दशकात बंद केलं. करार संपवून बाहेर पडलेल्यांनाही सोडलं नाही, १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटो लावलेला पास सतत जवळ ठेवावा लागे, नसला की भटक्या म्हणून पोलिस पकडत. याच सुमाराला बेटावर मलेरियाची भयंकर साथ चालू होती. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्याने ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरला दिला, त्यावर इतर मळेवाले त्याच्यावर तुटून पडले, पण शेवटी शाही आयोग नेमावा लागला आणि १८७५ च्या अहवालात अर्जातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या निघाल्या.

प्रवास : मुंबईहून मॉरिशस काही आठवड्यांचं, कलकत्त्याहून वेस्ट इंडिज तीन महिन्यांचं. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्ता ते कॅरिबियन जहाजांवर सरासरी १७ टक्के माणसं मेली. १८५६ च्या जानेवारीत कॉलऱ्याच्या भीतीने दोन जहाजांवरच्या मजुरांना मॉरिशसजवळच्या ओसाड बेटांवर उतरवून ठेवलं, तिथे अडीचशेहून जास्त दगावले. बायकांचं प्रमाण कमी होतं म्हणून पुढे १०० पुरुषांमागे ४० बायका असा नियम आला. बायकांना पगार पुरुषांपेक्षा कमी आणि अत्याचार जास्त, पण त्यांच्या स्वतःच्या शब्दांतलं कागदोपत्री फारच थोडं राहिलंय.

सिलोन आणि मलायात कांगाणी पद्धत होती. तिथे गावचाच मुकादम उचल देऊन माणसं आणायचा, कागदी करार नसला तरी कर्जाची दोरी होतीच. आसामच्या चहामळ्यांतही फौजदारी कलमं होती, तो वेगळ्या नोंदीचा विषय.

मुंबई आणि मराठी मजूर : मुंबई बंदराचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली, त्यामुळे भोजपुरी आणि तमिळ मजुरांवर जितकं लिहिलं गेलं तितकं मराठी मजुरांवर नाही, आपल्याकडे तर फारच कमी. जाणारे मुख्यतः कोकणातले, रत्नागिरी आणि आसपासचे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतले. पुढे मुंबईहून भरती आटली, त्याचं कारण बहुतेक असं की १८५३ नंतर रेल्वेची कामं आणि पाठोपाठ कापडगिरण्या सुरू झाल्या, कोकणी माणसाला बोट मुंबईपर्यंतच पकडणं पुरलं.

गेलेले लोक बेटाच्या पश्चिमेला आणि मधल्या पठारावर वसले, ब्लॅक रिव्हर जिल्हा, कास्काव्हेल, व्हाकोआ हा त्यांचा पट्टा. नोंदवहीत माणसाचं एकेरी नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहीत, पुढे तेच आडनाव झालं, म्हणून तिथे सखाराम किंवा बाबाजी हे आडनाव असतं आणि मूळ गाव-कुळ शोधणं अवघड होऊन बसतं. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. घरात बोलणं क्रेओल या तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकतात.

शेवट : गिरमिट बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, ज्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. १९१० मध्ये नाताळची भरती थांबवायचा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती थांबली. ४ मार्च १९१२ ला सगळीच पद्धत बंद करा असा ठराव त्यांनी आणला, ही व्यवस्था मुळातच अन्यायी, फसवणुकीवर उभी आणि जबरदस्तीने टिकवलेली आहे असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारी मतांच्या जोरावर ठराव २२ विरुद्ध ३३ असा पडला. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी पुन्हा ठराव मांडला तेव्हा सरकारने तत्त्व मान्य केलं, मार्च १९१७ मध्ये युद्धकाळातल्या अधिकाराखाली भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० ला फिजीतले उरलेले करार रद्द झाले. मॉरिशसला करारी मजूर जाणं त्याआधीच, १९१० च्या सुमाराला, संपलं होतं. पोर्ट लुईचा जुना डेपो आज आप्रवासी घाट म्हणून जतन केलाय, २००६ पासून तो जागतिक वारसा आहे, बोटीतून उतरणाऱ्यांच्या दगडी पायऱ्या तिथे अजून आहेत. मजुरांच्या नोंदवह्या आणि पाससाठी काढलेले फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेत, मॉरिशसमधले लोक आपलं मूळ गाव शोधायला तिथेच जातात.