विद्यापीठाची जिम, विद्यार्थ्यांचे पैसे आणि अनेकांचा एकच दरकरार

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मे महिन्यात परीक्षा आटोपतात, वसतिगृहं रिकामी होतात आणि रेक्रिएशन सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जिम आणि खेळांच्या इमारतीत, कामगारांची ये-जा सुरू होते. ऑगस्टमध्ये मुलं परतायच्या आत जुनी ट्रेडमिल बाहेर काढायची, फरशी बदलायची, नवी वायरिंग टाकायची आणि नवी यंत्रं चालू करून दाखवायची. त्यात बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. सरकारी विद्यापीठाने स्वतः निविदा काढायची म्हटलं, तर मसुदा, जाहिरात, पुरवठादारांच्या शंका, छाननी आणि मंजुरी यांतच कित्येक महिने जातात आणि सुट्टी हातची निघून जाते. म्हणून गेल्या काही दशकांत बरीच विद्यापीठं सहकारी खरेदीकडे, म्हणजे एकाने काढलेल्या निविदेवर इतरांनीही माल घेण्याच्या पद्धतीकडे वळली. हा मार्ग एका दिवसात तयार झालेला नाही. त्यामागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत.

पहिला इतिहास व्यायामाचा. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजात १८६० मध्ये बॅरेट जिम्नॅशियम उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी डॉ. एडवर्ड हिचकॉक आरोग्य व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांची उंची, वजन, छाती मोजून वर्षानुवर्षं नोंदी ठेवायचा शिरस्ता त्यांनी घातला. १८७९ पासून हार्वर्डच्या हेमेनवे जिम्नॅशियमची सूत्रं डडली सार्जंट यांच्याकडे होती. दोरी, कप्पी आणि वजनं यांवर चालणारी, ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे जुळवून घेता येणारी यंत्रं त्यांनी वापरात आणली. आजच्या जिममधली केबल मशीन त्याच कुळातली.

तरीही व्यायाम हा तेव्हा शिस्तीचा भाग होता. हौसेने खेळणाऱ्या सर्वसाधारण विद्यार्थ्याची दखल १९१३ मध्ये घेतली गेली. त्या वर्षी मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांनी अंतर्गत, म्हणजे आपल्याच विद्यार्थ्यांमधल्या खेळांसाठी स्वतंत्र विभाग काढले. मिशिगनने १९२८ मध्ये त्यासाठी वेगळी इमारतही बांधली.

या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं पान १९५० चं आहे आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो. न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात विल्यम वॉसन यांच्या पुढाकाराने ११ कृष्णवर्णीय महाविद्यालयांतले २२ क्रीडा संचालक जमले, स्त्रिया आणि पुरुष दोघेही. वर्णभेद कायद्याने चालू असण्याचा तो काळ. या माणसांनी स्थापन केलेली नॅशनल इंट्राम्युरल असोसिएशन पुढे निर्सा या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि आज अमेरिकेतल्या विद्यापीठीय क्रीडा-मनोरंजन क्षेत्राची ती प्रमुख संस्था आहे. ज्यांच्या वाट्याला साधनं सगळ्यात कमी आली, त्यांनीच या व्यवसायाला संघटना दिली. कॅम्पसवरच्या जिमचा इतिहास सांगताना सुरुवात इथून व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

१९५७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने मुलगे आणि मुली दोघांच्या खेळांसाठी स्वतंत्र को-रेक्रिएशनल जिम्नॅशियम उघडलं. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली, तेव्हा मुलींना जागा देणं ही मर्जीची बाब राहिली नाही. सत्तरच्या दशकात रॅकेटबॉलची, म्हणजे बंद खोलीत भिंतीवर चेंडू मारून खेळायच्या खेळाची लाट आली आणि ठिकठिकाणी त्याची कोर्टं बांधली गेली.

त्यातलं एक कोर्ट जवळून पाहू. ४० फूट लांब, २० फूट रुंद, २० फूट उंच, चारी बाजूंनी बंद, दार एकच. लाट ओसरल्यावर अशी कित्येक कोर्टं ओस पडली आणि विद्यापीठांनी त्यांत वजनं, सायकली, योगवर्ग आणले. पण खोली खेळासाठी बांधलेली. व्यावसायिक ट्रेडमिलला सहसा २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट लागतं. भिंतीवर एखाद-दुसरा प्लग असलेल्या खोलीत दहा ट्रेडमिल मांडायच्या, तर विजेचा फलकच बदलावा लागतो. वजन आपटतं तिथे रबरी फरशी हवी, आणि घामाने कोंदणाऱ्या हवेसाठी वातानुकूलनाची क्षमता वाढवायला हवी. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये आला आणि २०१० च्या मानकांनी नेमकं माप घालून दिलं: प्रत्येक प्रकारच्या किमान एका यंत्राशेजारी ३० बाय ४८ इंच मोकळी जागा, म्हणजे व्हीलचेअर तिथवर पोहोचेल. त्यामुळे जिमचं नूतनीकरण म्हणजे यंत्रं, फरशी, वीज आणि बांधकाम अशा चार-पाच वेगवेगळ्या खरेद्या एकाच सुट्टीत उरकणं.

दुसरा इतिहास खरेदीचा. शिक्षणसंस्थांच्या खरेदी अधिकाऱ्यांची संघटना १९२१ मध्ये झाली. महामंदीच्या ऐन कडाक्यात, १९३४ मध्ये, विद्यापीठांच्या मालकीची ‘ई अँड आय’ ही सहकारी खरेदी संस्था उभी राहिली. प्रत्येकाने स्वतंत्रपणे घासाघीस करण्यापेक्षा सगळ्यांची मागणी एकत्र करावी, ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून महिन्याच्या वाणसामानासाठी हेच करत आली आहे.

सरकारी पातळीवर याला वेळ लागला, कारण प्रश्न कायद्याचा होता. दुसऱ्याने काढलेल्या निविदेवर आपण खरेदी केली, तर स्पर्धा झाली असं मानायचं का? मिनेसोटाच्या विधिमंडळाने सत्तरच्या दशकात शाळांसाठी प्रादेशिक सेवा संस्था निर्माण केल्या. त्यांतलीच एक पुढे देशभर करार करू लागली आणि २०१८ पासून सोर्सवेल या नावाने चालते. १९७९ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने आदर्श खरेदी संहिता प्रसिद्ध केली, तीत सहकारी खरेदीसाठीही तरतूद होती. राज्यांना कायदे करायला नमुना मिळाला. १९९३ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांनी करारांसाठी आघाडी केली आणि १९९६ मध्ये स्थानिक संस्थांसाठी यू. एस. कम्युनिटीज ही सहकारी खरेदी संस्था आली.

प्रत्यक्षात चालतं असं. एक सार्वजनिक संस्था मुख्य म्हणून पुढे होते, जाहीर निविदा काढते, छाननी करून पुरवठादार निवडते आणि करार करते. हा आपल्याकडच्या दरकराराचाच प्रकार. बहुधा कंपनीच्या छापील दरावर ठरावीक टक्के सूट असते आणि तो दर कमाल मर्यादा मानला जातो. बाकीच्या संस्था सदस्य होतात, खरेदी आदेशावर कराराचा क्रमांक घालतात आणि माल घेतात. सहकारी खरेदी संस्थेचा खर्च अनेकदा पुरवठादाराने विक्रीवर दिलेल्या शुल्कातून निघतो. छोट्या दुरुस्त्या आणि बांधकामासाठीही आधीच दर ठरवलेले करार मिळतात. या पद्धतीची मुळं १९८० च्या दशकात युरोपातल्या अमेरिकन लष्करी तळांवरच्या दुरुस्तीकामांत आहेत.

खरा फायदा स्वस्ताईपेक्षा वेळेचा आहे, असं माझं मत. मोठ्या विद्यापीठाला चांगला दर स्वतःच्या बळावरही मिळतो. दोन-तीन माणसांचा खरेदी विभाग असलेल्या लहान कॉलेजला मात्र इतक्या तांत्रिक निविदा एकाच वेळी पेलवत नाहीत, आणि त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे.

पण कमाल दर म्हणजे उत्तम दर नव्हे. त्याखाली उतरायची मुभा असते, ती न वापरता पहिल्याच आकड्यावर सही करणं हा आळस आहे. पुरवठादार देत असलेलं शुल्कही शेवटी किमतीतूनच वसूल होतं. गावातला फरशीवाला किंवा वीज कंत्राटदार त्या करारात नसेल, तर त्याला संधीच मिळत नाही.

आणि पैसे कुणाचे, हे विसरून चालणार नाही. ही सेंटर्स बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या सत्रशुल्कातून चालतात, कित्येकदा विद्यार्थ्यांच्याच मतदानाने मंजूर झालेल्या. कर्ज काढून मोठी जिम बांधायची आणि पुढच्या तुकड्यांनी हप्ते फेडायचे, असाही प्रकार होतो. लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या रेक्रिएशन सेंटरमध्ये २०१७ मध्ये विद्यापीठाच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या आकाराची, पाण्यावर तरंगत फिरण्याची कृत्रिम नदी तयार झाली, तेव्हा देशभर टीका झाली, आणि ती रास्त होती. झिजलेली ट्रेडमिल बदलणं ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून करारावर सही होण्याआधी जुन्या यंत्रांचे किती पैसे परत मिळणार, देखभाल किती वर्षं आणि कुणाच्या खर्चाने, सुटे भाग किती दिवसांत येणार, हे प्रश्न विद्यार्थी प्रतिनिधींनी विचारायला हवेत. त्यांची उत्तरं कागदपत्रांत असतात आणि सरकारी विद्यापीठांतली अशी कागदपत्रं बहुतेक ठिकाणी मागून पाहता येतात.