बीपीडीची थेरपी आणि ब्रेन स्कॅन

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे बीपीडी असलेल्या माणसाच्या भावना पटकन भडकतात आणि लवकर निवत नाहीत, जवळचं कुणी सोडून जाईल ही भीती सतत असते, आणि काही जण त्या तगमगीत स्वतःला इजाही करून घेतात. यावरचा मुख्य उपचार गोळ्या नसून थेरपी आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा म्हणजे डीबीटीचा. भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी ही थेरपी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी तयार केली, पहिली मोठी चाचणी 1991 ला छापून आली. मग प्रश्न पडतो की पेशंटला बरं वाटतं तेव्हा मेंदूत नेमकं काय बदलतं?

यासाठी बहुतेक वेळा एफएमआरआय नावाचा मेंदूचा स्कॅन वापरतात. पेशंटला मशीनमध्ये झोपवून त्रासदायक फोटो किंवा रागावलेले चेहरे दाखवतात आणि मेंदूच्या कुठल्या भागात ऑक्सिजनवालं रक्त वाढतंय ते बघतात. थेरपीआधी एकदा, नंतर परत. बीपीडीत अमिग्डाला, म्हणजे धोका हेरणारा भाग, बऱ्याच अभ्यासांत जास्त पेटलेला दिसतो. 2014 च्या एका अभ्यासात औषधं न घेणाऱ्या पेशंटना 12 महिने डीबीटी दिली आणि त्यांच्या अमिग्डालाची ही प्रतिक्रिया कमी झाली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेदनेवरचं काम. त्रासदायक फोटो दाखवताना त्वचेला चटका बसेल इतकी उष्णता दिली की बीपीडीच्या पेशंटचा अमिग्डाला शांत होतो असं दिसलं, म्हणजे स्वतःला इजा करणं हे 'नाटक' आहे असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, त्या माणसाला त्यातून खरंच क्षणभर सुटका मिळत असते. डीबीटीनंतर वेदनेचा हा परिणाम ओसरलेला दिसला.

ट्रान्सफरन्स फोकस्ड थेरपी, म्हणजे पेशंट आणि थेरपिस्ट यांच्यातल्या नात्यावर काम करणारी थेरपी, तिच्यावरही असे स्कॅन झालेत, तिथे आवर घालणाऱ्या प्रीफ्रंटल भागाचं काम वाढलेलं आढळलं.

पण हे अभ्यास छोटे असतात, कितीतरी वेळा वीस-तीस माणसांचे, आणि तेच फोटो दुसऱ्यांदा बघताना कुणाचीही प्रतिक्रिया थोडी मंदावते, त्यामुळे तुलनेसाठी थेरपी न घेतलेला गट नसेल तर श्रेय थेरपीला देता येत नाही. शिवाय अमिग्डाला पीटीएसडीतही, म्हणजे मोठ्या आघातानंतर होणाऱ्या मानसिक त्रासातही, असाच पेटतो, म्हणून एकट्या माणसाचा स्कॅन बघून बीपीडी आहे की नाही हे ठरत नाही, निदान अजूनही सविस्तर मुलाखतीवरूनच होतं.