मिक्सर बंद कधी करायचा? लेकराच्या जिभेचा अभ्यास

"दात नाही तर चावन कशानं?" हा प्रश्न नागपुरात सहा-आठ महिन्यांचं लेकरू असलेल्या घरी हमखास ऐकू येतो, आणि मग पोट्टं वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत वरण-भात मिक्सरमधून फिरवून, समोर मोबाइलवर गाणी लावून चमच्यानं भरवणं चालूच राहतं. मधेच कोणी धीर करून पोळीचा मऊ तुकडा हातात दिला आणि लेकरानं एकदा "ओऽक" केलं की आजी स्वयंपाकघरातून धावत येते, "काहून देऊन राहिली वं त्याले, अटकन ना गळ्यात!" झालं, मिक्सर परत सुरू. आजीची भीती खोटी नाही, पण ओकारी येणं आणि घशात अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जवळपास उलट्या म्हटल्या तरी चालेल.

दातांचं आधी आटपून घेऊ. चावायचं काम दाढांचं, आणि पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांच्या मधे येतात. त्याआधी समोर जे दोन-चार दात चमकतात ते तुकडा तोडायचे, चावायचे नाहीत. म्हणजे दातांची वाट पाहणं म्हणजे दाढांची वाट पाहणं, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. मऊ शिजलेलं चिरडायला हिरड्या पुरतात, ज्याचं बोट एकदा त्या हिरड्यांत सापडलं त्याला हे वेगळं सांगायला नको.

खरी कामगिरी जिभेची आहे आणि मला हीच सगळ्यात आवडते.

जिभेत हाड नाही. नुसते स्नायू, चार आतले जे तिचा आकार बदलतात आणि चार बाहेरून येणारे जे तिला पुढे-मागे, वर-खाली ओढतात (हे एका बाजूचे, दुसऱ्या बाजूला तेवढेच). हत्तीची सोंड जशी हाडाशिवाय वळते तशीच ही. आतलं आकारमान बदलत नाही, त्यामुळे अरुंद झाली की लांब होते, एका बाजूचे स्नायू आवळले की त्या बाजूला वळते. आता दूध पिणारं बाळ या जिभेचं काय करतं? मुख्यतः पुढे-मागे. पातळ पेज किंवा मिक्सरमधलं वरण-भात चमच्यानं आत गेलं की तेही याच पुढे-मागे चालीवर घशाकडे ढकललं जातं, म्हणजे चमचा नवा, चव नवी, पण जिभेला नवं काहीच शिकावं लागलं नाही. सुरुवातीला तर ती घास बाहेरच ढकलते, कारण तोंडात काही घट्ट आलं की बाहेर लोटायचं ही जन्मजात प्रतिक्रिया चार ते सहा महिन्यांपर्यंत असते, आणि आपल्याला वाटतं याला आवडलं नाही.

तुकडा मात्र पुढे-मागे करून गिळता येत नाही, तो बाजूला हिरडीवर न्यावा लागतो, गालानं आतून दाबून तिथेच धरावा लागतो, मग जबडा वर-खाली. जीभ बाजूला नेणं हे नवं कौशल्य, साधारण सातव्या ते नवव्या महिन्यात येतं, आणि गंमत म्हणजे त्याचं बी आधीच पेरलेलं असतं. बाळाच्या जिभेच्या कडेला काही टेकलं की जीभ त्याच बाजूला वळते, ही प्रतिक्रिया जन्मापासून असते. म्हणून बोटाएवढी लांब, मऊ उकडलेली भोपळ्याची फोड लेकराच्या मुठीत दिली आणि ते ती गालाच्या बाजूनं चावायला लागलं की जीभ आपोआप तिकडे जाते, पुन्हा पुन्हा जाते, आणि हळूहळू जे आपोआप होत होतं ते ठरवून होऊ लागतं. चमच्यानं जिभेच्या मधोमध टाकलेल्या मऊ लगद्यानं हे होत नाही. पाउचमधून चोखायच्या तयार प्युरीनं तर मुळीच नाही, ती चोखायचीच चाल पक्की करते, पाकिटावर भाज्यांची कितीही सुंदर चित्रं असली तरी.

सुरुवातीचं चावणं नुसतं वर-खाली असतं. जबडा गोल-तिरका फिरवून दळल्यासारखं चावणं पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दिसू लागतं आणि पक्कं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. या सगळ्यात मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्यांपैकी पाच कामाला लागतात, पाचवी जबड्याला, सातवी गाल आणि ओठांना, बारावी जिभेला, नववी आणि दहावी घशाला, आणि चावायचा ताल, गिळायचा क्रम हे मेंदूच्या खोडात ठरतं, जिथे न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस नावाचं केंद्र तोंडा-घशातून येणाऱ्या खबरा गोळा करतं, त्यावरून पुढचा हुकूम निघतो की आता टाळू उचला, स्वरयंत्र वर घ्या, स्वररज्जू मिटा, श्वास थांबवा, अन्ननलिकेचं दार उघडा, आणि हे सगळं एका सेकंदाच्या आसपास आटोपतं. नावं विसरलात तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा की खबर गेल्याशिवाय हुकूम सुधारत नाही, आणि गुळगुळीत लगदा फारशी खबर देत नाही.

आता ओकारी. मोठ्या माणसाला घशाजवळ बोट लागलं तर ओकारी येते. लहान बाळात ती जागा बरीच पुढे असते, जिभेच्या मध्याजवळच. म्हणजे तुकडा श्वासनळीपासून अजून चांगलाच लांब असतो तेव्हाच गजर वाजतो, नववी नस खबर देते, दहावी घसा आवळते, जीभ पुढे येते, डोळ्यांत पाणी, तोंड लाल, आणि तुकडा बाहेर. हे अडकणं नाही, अडकू नये म्हणून केलेली तजवीज आहे. वय वाढतं, तोंडात खेळणी जातात, बोटं जातात, तुकडे जातात, तशी ही जागा मागे सरकते. म्हणून "तोंडात हात नको घालू" म्हणून सारखा हात ओढू नका, हात धुऊन द्या. आणि ओकारी आली की नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्यांना सांगा की नजर नाही, नववी नस आहे.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०६ बाळांवर एक चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये छापून आला. अर्ध्या घरांना लेकराला स्वतः हातानं खाऊ द्यायला शिकवलं, बाकीचे नेहमीसारखे. स्वतः खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात ओकाऱ्या जास्त आल्या, आठव्या महिन्यात उलट कमी आल्या, आणि खरंच घशात अडकण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण त्या आई-बापांना कोणतं अन्न धोक्याचं हे नीट समजावलं होतं, हे "हातानंच खाऊ द्या" म्हणत रील बनवणारे कोणी सांगत नाहीत. ते चमच्याला शिव्या घालतात तेही काही खरं नाही, चमचा आणि हात दोन्ही चालतं.

उशिराचं काय? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा मागोवा घेतला जातोय, त्यात ज्यांना गुठळ्यांचं अन्न १० महिन्यांनंतर मिळालं त्यांना १५ व्या महिन्यात भरवणं जास्त कटकटीचं होतं, आणि ज्यांना ते नऊ महिन्यांनंतर मिळालं ती मुलं सात वर्षांची झाली तरी भाज्या-फळं कमी खात होती. आता हेही शक्य आहे की काही मुलं आधीच खायला किरकिरी होती म्हणून आयांनी उशीर केला, त्यामुळे हा पुरावा शंभर टक्के नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं हेच, सहा महिन्यांपासून वरचं अन्न, आठव्यापर्यंत हातात धरून खायचे पदार्थ, वर्षाला घरातलंच जेवण, आणि दोन वर्षं किंवा पुढेही आईचं दूध.

म्हणजे सहा महिन्यांना घोटलेलं वरण-भात, सातव्याला मिक्सर नाही, नुसता काटा-चमच्यानं चेचलेला, आठव्याला मऊ भात तसाच. सुरुवातीला लेकरू पूर्ण मुठीनं धरतं, म्हणून मुठीबाहेर डोकावेल एवढी लांब फोड, नवव्याच्या आसपास अंगठा आणि पहिल्या बोटाची चिमूट जमली की भाताचं एक-एक शीत उचलायला द्या, ते तासभर त्यातच रमतं. अर्धं फरशीवर जाईल. सहा महिन्यांनंतर जन्मतः साठवलेलं लोह संपत आलेलं असतं आणि आईच्या दुधात ते कमीच, म्हणून नुसती फळं नको, घट्ट वरण, अंडं, खात असाल तर मऊ शिजवून बारीक केलेलं मटणही. संत्री आपल्याकडे ढिगानं, पण फोडीवरची साल आणि बी काढूनच. मीठ-साखर वर्षभर नकोच, आणि जिभेवर मध लावल्यानं बोली गोड होत नाही, वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम (जंतूच्या विषानं स्नायू लुळे पाडणारा आजार) मात्र होऊ शकतो. लेकरू मुदतीआधी जन्मलेलं असेल किंवा त्याला गिळायचा त्रास असेल तर हे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून.

खरं घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टींना. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, पॉपकॉर्न, हे चार-पाच वर्षांपर्यंत नाही. बोरन्हाणात आपण लेकराच्या डोक्यावरून बोरं, हलवा, शेंगदाणे ओततो आणि तेच वेचून खाऊ म्हणतो, तिथे डोळ्यात तेल घालून बसा. शेंगदाणा श्वासनळीत गेला की बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाकडे जातो कारण ती वाट जास्त सरळ आणि रुंद, आणि एक्स-रेत तो दिसत नाही. नुसता खोकला टिकून राहतो, घरचे दमा समजत बसतात.

ओकारी आणि ठसक्यात आवाज असतो. आवाज असेल तोवर हात लावू नका, खोकू द्या, "वर बघ चिमणी" म्हणून मान वर करू नका. आवाज बंद, रडू येत नाही, ओठ निळे, हे अडकणं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेनं ५ दाब, आणि परत थापा. आंधळेपणानं बोट घालून काढायला जाऊ नका, तुकडा आणखी खाली जातो. दुसऱ्या कोणाला तोवर १०८ लावायला सांगा.