कोलाज (कातरलेल्या कागदाचे)

कागद कात्रीने कापून वा हाताने फाडून त्याचे तुकडे सपाट पृष्ठभागावर चिकटवून केलेली चित्ररचना. ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ही संज्ञा आली.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जपानमध्ये क्योटोच्या निशी होंगान्‌जी मठातील छत्तीस कवींच्या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखितात रंगीत कागदांचे तुकडे जोडून पाने सजवलेली आढळतात. ते साधारणतः बाराव्या शतकाच्या आरंभीचे मानले जाते. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी (१७००–८८) यांनी वयाच्या सत्तरीनंतर, बहुधा १७७२ च्या सुमारास, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाची फुले रचण्यास आरंभ केला आणि दृष्टी मंदावेपर्यंत सुमारे दहा वर्षांत अशी ९०० हून अधिक चित्रे केली. ती ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. एकेका फुलासाठी त्या पुष्कळ बारीक तुकडे कातरत आणि क्वचित खरे पानही चिकटवत.

चिकटवणे हीच कसोटी धरली, तर हे सर्व कोलाजच ठरते. मात्र तयार वस्तूचा तुकडा चित्रात जसाच्या तसा आणणे हे लक्षण मानणारे अभ्यासक १९१२ पासून आरंभ धरतात, आणि आधुनिक कलेपुरते हेच मत अधिक ग्राह्य वाटते. त्या वर्षीच्या वसंतात पाब्लो पिकासो यांनी वेताच्या विणीचे छापील मेणकापड एका लंबवर्तुळाकार चित्रात बसवले व त्याभोवती दोर गुंडाळला. सप्टेंबरमध्ये जॉर्ज ब्राक यांनी आव्हीन्यों येथील दुकानात पाहिलेला, लाकडाच्या रेषांचा भास देणारा भिंतीचा कागद आणून तो कोळशाच्या रेखाटनात चिकटवला. मेणकापड हा काही कागद नव्हे. तेव्हा कागदापुरता अग्रमान ब्राक यांच्याकडे जातो.

पुढे आजारपणामुळे चित्रफलकासमोर उभे राहणे कठीण झालेल्या आंरी मातीस यांनी साहाय्यकांकडून अपारदर्शक जलरंगाने रंगवून घेतलेले कागद कातरून मोठ्या रचना केल्या. ‘गोगलगाय’ (१९५३) ही त्यांपैकी एक. भारतात बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९५७ मध्ये दृष्टी गेल्यावर कागदाच्या कातरकामाचा अवलंब केला.

कातरताना कात्री शक्यतो स्थिर ठेवून कागद फिरवतात. त्यामुळे वळण तुटक येत नाही. खळ लावल्यावर कागद ओलाव्याने फुगतो, आणि तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने अधिक फुगतो. म्हणून तुकडा क्षणभर मुरू देऊन मग मध्यापासून कडांकडे दाबत बसवतात, अन्यथा सुरकुत्या राहतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने प्रकाशात पिवळा, पुढे तपकिरी पडतो. पिकासो व ब्राक यांच्या कोलाजांतील कात्रणांची आजची छटा मूळची नव्हे. मातीस तुकडे प्रथम टाचणीने भिंतीवर लावून हवे तसे हलवत असत; त्या टाचण्यांची छिद्रे अनेक रचनांवर अद्याप दिसतात.