सफारीची तिसरी रांग

२२ फेब्रुवारी २०२१ ला टाटांची नवी सफारी, नाव जुनं पण घडण अगदी वेगळी, बाजारात आली आणि पुण्यातल्या गाडीवेड्यांत दोन तट पडले. ते अजून तसेच आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाडीचा चेहरा बदलला, आतला डॅशबोर्ड बदलला, तरी रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा कात्रजच्या पुढे चहाला थांबलेल्या मंडळींत बोलणं फिरून एकाच प्रश्नावर येतं: हिला सफारी म्हणायचं का?

बाहेरच्याला हा नुसता नावाचा वाद वाटेल. पुण्यात तो घरचा वाद आहे. गाडी पिंपरीत बनते. कंपनीने २००३ मध्ये टाटा मोटर्स हे नाव घेतलं, पण इथे लोक आजही ‘टेल्कोत आहे’ असंच सांगतात. दर चार घरांआड कुणाचे तरी वडील, काका नाहीतर सासरे टेल्कोतून निवृत्त झालेले असतात. आपण जोडलेली गाडी चांगली की आता जोडली जाते ती, हे त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बोललं जातं. या वादात बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. मला वाटतं, तो उलगडायचा तर मागून, तिसऱ्या रांगेपासून सुरुवात करावी लागते.

सफारीच्या आधी पिंपरीतून १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आली. तिच्याच सांगाड्यावर १९९१ ची सिएरा आणि त्यानंतरची इस्टेट उभी राहिली. १९९४ मध्ये आली सुमो. पुण्याचा कारखाना ज्यांनी उभा केला त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरं जोडून हे नाव ठेवलं गेलं. सुमोत दहा माणसं बसायची. पुढे, मधे, आणि मागे समोरासमोर दोन आडवी बाकं. महाराष्ट्रातल्या मोठ्या कुटुंबांना एकाच गाडीत देवदर्शन, लग्न आणि गावची जत्रा उरकण्याची सवय लागली ती याच काळात.

आडव्या बाकावर बसणं म्हणजे काय, ते माझ्या पिढीला नीट ठाऊक आहे. मे महिन्यात आजोळी जायला भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरायचं. ठरवलेली भाड्याची गाडी, त्यात दोन कुटुंबं. मोठी माणसं पुढे, आई-आत्या मधे, आणि पोरं मागे. समोरच्या भावंडाचे गुडघे आपल्या गुडघ्यात अडकलेले. गाडी पुढे चाललेली, आपण मात्र बाजूला बघत बसलेलो, त्यामुळे दरी खिडकीतून आडवी सरकत जायची. प्रत्येक वळणाला अंग मागच्या दाराकडे घसरायचं. पकडायला वर एक पट्टा, तो सगळ्यात मोठ्या भावाच्या ताब्यात. आत्या पुढून लिंबाची फोड मागे द्यायची, ‘हुंगत राहा, बोलू नका’ म्हणायची. तरी घाट उतरेपर्यंत दोघांसाठी तरी गाडी थांबवावीच लागायची. सीटबेल्ट बांधण्याचा प्रश्नच नव्हता. आज त्या गोष्टी आठवून आम्ही भावंडं हसतो, पण माझ्या मुलीला मी तसं बसू देणार नाही.

१९९८ मध्ये पहिली सफारी आली तेव्हा तिचा रुबाब वेगळाच होता. उंच, रुंद, मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी, आणि मागच्या बाजूला पायरी चढल्यासारखं उंचावलेलं छत. इंजिन दोन लिटरचं टर्बो डिझेल. एवढ्या वजनाला ते कमी पडतं अशी कुरकुर पहिल्या दिवसापासून होती. २००५ मध्ये डायकोर नावाचं तीन लिटरचं इंजिन आलं आणि २००७ मध्ये २.२ लिटरचं, १४० पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप). हे २.२ लिटरचं इंजिन आल्यावर कुरकुर थांबली, आणि सफारीचे खरे चाहते बहुतेक त्याच काळात तयार झाले. मागच्या चाकांना ताकद, हवी तर चारही चाकांना, खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट. कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर, पावसाळ्यात, मुळशीच्या पलीकडच्या लाल चिखलात ही गाडी कुठे अडत नाही असा लौकिक तिने मिळवला. लष्करानेही २०१७ मध्ये तिच्या पुढच्या आवृत्तीच्या ३१९२ गाड्या मागवल्या.

पण मागे काय होतं? दोन घडीच्या सीट, त्याही आडव्या. सुमोचाच प्रकार, जरा बऱ्या कापडात. सफारी चालवणाऱ्याची गाडी होती, फार तर दुसऱ्या रांगेत बसणाऱ्याची. तिसरी रांग पाहुण्यांसाठी आणि पोरांसाठी, नाहीतर दुमडून ठेवण्यासाठी. जुन्या सफारीवर जीव टाकणाऱ्या बहुतेकांनी तिला पुढच्या उजव्या सीटवरून पाहिलं आहे. मी हे दोष म्हणून सांगत नाही. जिथून गाडी पाहिली, तिथूनच प्रेम बसणार.

एक गोष्ट मात्र आजच्या वादात सगळे विसरतात. २०१२ मध्ये सफारी स्टॉर्म आली तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. तिची चौकट नवी होती, टाटांच्याच २०१० च्या आरिया या गाडीच्या कुळातली. आणि कंपनीने मागच्या दारावरची स्टेपनी काढून गाडीच्या पोटाखाली नेली. त्या एका बदलावर किती बोललं गेलं! चिखलात गाडीखाली शिरून चाक काढायचं का, मागून बघितल्यावर सफारी वाटतच नाही, वगैरे. आज त्याच स्टॉर्मला लोक ‘शेवटची खरी सफारी’ म्हणतात. २०१५ मध्ये तिला ४०० न्यूटन-मीटर टॉर्कचं (टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर) इंजिन मिळालं आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. प्रदूषणाचे बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू व्हायचे होते, अपघात-सुरक्षेचे नियम कडक होत होते, आणि इतक्या जुन्या घडणीच्या गाडीवर नवा खर्च परवडणारा नव्हता. सुमोही त्याच वर्षी गेली.

या दरम्यान चाकणला दुसरीच गोष्ट घडली होती. महिंद्रने २०११ मध्ये तिथून एक्सयूव्ही ५०० काढली. शिडीची चौकट नाही, बॉडी आणि सांगाडा एकच, ज्याला मोनोकॉक म्हणतात. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, आणि तिन्ही रांगा पुढे तोंड करून. ‘ही एसयूव्ही नव्हे, उंच कार आहे’ असं तेव्हा कितीतरी जणांनी म्हटलं. गिऱ्हाइकांनी मात्र रांगा लावल्या. टोयोटाने २००५ मध्ये क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, त्यातही तिसऱ्या रांगेत माणसासारखं बसता येतं हाच मोठा मुद्दा होता. आजी-आजोबांना घेऊन अक्कलकोटला, गाणगापूरला जाणाऱ्या कुटुंबाने एकदा अशी गाडी वापरली की आडव्या सीटकडे ते परत वळत नाही. सफारी बदलली २०२१ मध्ये, पण तिचं गिऱ्हाईक दहा वर्षं आधीच बदललं होतं.

टाटांनी जानेवारी २०१९ मध्ये हॅरियर आणली. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी-८ या सांगाड्यावर बेतलेला, आसनं पाच. तिचीच तीन रांगांची बहीण २०२० च्या ऑटो एक्स्पोत ‘ग्रॅव्हिटास’ नावाने दाखवली गेली. त्या नावाने ती आली असती तर आजचा वाद निम्म्याने कमी झाला असता, याबद्दल मला शंका नाही. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की हिचं नाव सफारी. त्या दिवशी वडिलांचे टेल्कोतले एक मित्र आमच्याकडे आले होते. चहाचा कप खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, “अरे, सफारी मागून ढकलते. पुढून ओढणारी सफारी मी तरी कधी जोडली नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं त्यांना.

त्यांचं म्हणणं यंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. नव्या सफारीत दोन लिटरचं १७० पीएसचं डिझेल इंजिन आडवं बसतं आणि फक्त पुढची चाकं फिरवतं. चारही चाकांची सोय कुठल्याच आवृत्तीत नाही. लँड रोव्हरच्या मूळ सांगाड्यात ती होती, इथे खर्चाच्या हिशेबात ती गेली. ज्या नावाचा अर्थच आडवाटेला जाणं असा झाला होता, त्या नावाच्या गाडीत ही सोय पैसे मोजूनही मिळत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

आता दुसरी बाजू. पहिल्या सफारीची लांबी साधारण ४६५० मिलिमीटर होती, २०२१ च्या सफारीची ४६६१. म्हणजे सदाशिव पेठेतल्या बोळात जी गाडी वळवताना घाम फुटायचा, तेवढीच ही. मग त्याच लांबीत माणसांच्या दोन सरळ सीट जास्तीच्या आल्या कुठून? जुन्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने, त्यामागे गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट, आणि हे सगळं पोलादी चौकटीवर. बॉडी त्या चौकटीच्या वर ठेवलेली, म्हणून फरशी उंच. इंजिन आडवं केलं की पुढची जागा वाचते. शाफ्ट आणि चौकट गेली की फरशी खाली येते, आणि डोक्यावर जागा ठेवूनही गाडीची उंची कमी होऊ शकते. चाकांमधलं अंतर २६५० वरून २७४१ मिलिमीटर झालं. जे गेलं म्हणून चाहते हळहळतात, त्याच्याच जागेवर तिसरी रांग बसली आहे. छताची ती जुनी पायरीही डोक्याला जागा देण्यासाठीच पुन्हा कामाला आली.

तिसरी रांग अगदी सुखाची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेल्या गाडीत मी मावशीला मागे बसताना पाहिलं आहे. एक हात या खुर्चीवर, एक हात त्या खुर्चीवर, साडीचा घोळ वर धरून ती मधून सरळ आत गेली. मागच्या दाराने चढायच्या जुन्या तऱ्हेपेक्षा हे कितीतरी सोपं. पण बसल्यावर गुडघे वर येतात, मांडीला खालून आधार मिळत नाही. खेड-शिवापूरला दहीवड्यासाठी थांबलो तेव्हा ती पाय झाडत उतरली. आणि तिन्ही रांगा उघड्या असताना डिकी उरते ७३ लिटरची, म्हणजे सात जणांचं सामान टपावर. हॅरियरपेक्षा ही गाडी फक्त ६३ मिलिमीटरने लांब आहे, चाकांमधलं अंतर तेवढंच. त्यात यापेक्षा जास्त मिळणार नव्हतं.

२०२३ च्या बदलात पुढची दिव्यांची पट्टी, मोठा पडदा आणि एसीसाठी स्पर्शाची बटणं आली. गाडी चालवताना ती बटणं नजरेशिवाय सापडत नाहीत, हे जवळजवळ सगळ्यांचंच मत आहे आणि माझंही. जड हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या जागी इलेक्ट्रिक आलं, ते मात्र शहरात लगेच जाणवतं. माझ्या दृष्टीने त्या वर्षीची सगळ्यात मोठी बातमी वेगळीच होती. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत सफारीला मोठ्यांच्या सुरक्षेत ३४ पैकी ३३.०५ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५ गुण मिळाले, दोन्हीकडे पाच तारे. डिसेंबरमध्ये भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीचे पहिले निकाल लागले ते हॅरियर आणि सफारीचेच, आणि तिथेही पाच तारे. वरंधा घाटात पट्ट्याला लोंबकळत बसलेल्या माणसाला हे आकडे काय वाटतात, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

जुन्या घडणीचं प्रेम ओसरलं, असं मात्र नाही. ३० जुलै २०२२ ला महिंद्रने स्कॉर्पिओ-एनची नोंदणी उघडली तेव्हा अर्ध्या तासाच्या आत एक लाख गाड्या नोंदल्या गेल्या. तिच्यात शिडीची चौकट आहे, ताकद मागच्या चाकांना, हवी तर चारही चाकांना, आणि तिसरी रांग पुढे तोंड केलेली, अर्थात अडचणीची. तीही चाकणचीच, आणि तिच्याच शेजारी मोनोकॉकची एक्सयूव्ही ७०० बनत होती. तिच्यात तीन रांगाही होत्या आणि चारही चाकांची सोयही. सफारीत ती जमली नसती, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. सफारीचे जुने चाहते त्यांचे पैसे स्कॉर्पिओ-एनला देऊन आले, असे दोन तर माझ्याच सोसायटीत आहेत.

जून २०२५ मध्ये हॅरियरची इलेक्ट्रिक आवृत्ती आली आणि तिच्यात पुढे एक, मागे एक अशा दोन मोटरी बसवून चारही चाकांना ताकद दिली गेली. त्यात शाफ्ट लागत नाही, म्हणून मधल्या फरशीखालची जागा अडत नाही. तिथे बॅटरी बसते. वडिलांचे ते मित्र ही गाडी बघायला मुद्दाम शोरूममध्ये गेले. मागच्या चाकांजवळ वाकून त्यांनी मोटर कुठे आहे ते विचारून घेतलं, मग डिकी उघडायला लावली आणि आत हात घालून फरशी चाचपली. “इथे दोन सीट बसतील का?” त्यांनी विचारलं. सेल्समनने सांगितलं, ही पाच सीटरच येते.